येरेचा बांध

खूप मागची गोष्ट. तेव्हा मुणगवेळच्या किनाऱ्यावर माड थोडे होते आणि सुरंगीची झाडं फार होती. पावसाळा सरला की फिरंग्यांची शिडाची जहाजं लांबून दक्षिणेच्या बंदराकडे जाताना दिसत, आणि ती दिसली की गावातली माणसं आपली पोरंबाळं घरात घेत. त्या काळी गावात भिवा तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. तो म्हणेल तेव्हा जाळं टाकायचं आणि तो म्हणेल तेव्हा ओढायचं. त्याला एकच मुलगी, देवकी. आई नसलेली पोर, बापाच्या होडीतच वाढली. तिचा आवाज असा होता, की तिनं वाळूत उभं राहून हाक मारली तर खडपांच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या, पलीकडच्या होडीतला माणूस मान वळवायचा, असं म्हणतात.

एका वर्षी कार्तिकात अवचित वादळ झालं. सकाळी दर्या शांत झाला, तर किनारा फळकुटांनी आणि फाटक्या शिडांनी भरून गेलेला. खडपांवर एक जहाज फुटलं होतं. माणसं गेली होती, सगळी गेली होती. पण देवकी बापाबरोबर किनारा धुंडाळत गेली, तेव्हा एका फळीला मिठी मारून पडलेला एक जण तिला दिसला. त्याचे केस वाळल्या गवताच्या रंगाचे होते. त्यानं डोळे उघडले, तर ते खाडीच्या पाण्यासारखे हिरवट होते. त्यानं छातीवर हातानं कसलीशी खूण केली आणि पुन्हा डोळे मिटले.

गाव रवळनाथाच्या देवळात जमला. कुणी म्हणालं, फिरंगी आहे, ठेवून घेतला तर उद्या ह्याचे भाऊबंद तरवारी घेऊन येतील. कुणी म्हणालं, होडीत घालून खोल पाण्यात सोडून द्या. भिवा तांडेल फार बोलणारा माणूस नव्हता. तो उठून उभा राहिला.

"दर्यान दिलेलो माणूस परत दर्यात ढकलूचो नाय," तो म्हणाला. "देवाक इचारा."

गुरवानं देवाला कौल लावला. उजवी पाकळी पडली. माणूस गावात राहिला.

तो भिवाच्या पडवीत पडून असायचा. देवकी त्याला पेज भरवायची. चार घास पोटात गेल्यावर तो उठून बसला, तेव्हा तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून सांगितलं, "देवकी." मग त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "तुझा नाव काय?"

"येरे," तो म्हणाला.

देवकी दोन पावलं मागे सरली. तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, "येरे."

"बाबा," ती आत ओरडली, "ह्यो तर माकाच बोलयता! ये रे म्हणता!"

बोलयता म्हणजे बोलावतो. भिवा त्या दिवशी हसला. बायको गेल्यापासून तो हसलेला कुणी पाहिला नव्हता. त्या माणसाचं नावच येरे होतं. त्याच्या मुलखात पोरांना असं नाव ठेवतात. मग भिवानं विचारलं, "गाव खंयचा?" येरेनं सगळा हात पसरून मावळतीकडे दाखवलं आणि म्हणाला, "श्कोय." पुढे तो आपली भाषा शिकल्यावर कळलं, की श्कोय म्हणजे नुसतं बेट. पण तोवर सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं. आज त्या मुलखाला क्रोएशिया म्हणतात म्हणे. त्या किनाऱ्याला हजाराच्या वर बेटं आहेत. त्यातलं येरेचं कुठलं, हे आता कोण सांगणार?

पायांत बळ आल्यावर तो पहिल्यांदा अंगणात उतरला आणि थबकला. भिवाच्या अंगणाला गडगा होता, कोकणात सगळीकडे असतो तसा, दगडावर दगड ठेवून रचलेला, मधे माती नाही की चुना नाही. येरे त्या गडग्याजवळ गेला. त्यानं दगडांवरून हात फिरवला, जसा घरच्या गाईच्या पाठीवरून फिरवावा. एक दगड हलत होता, तो त्यानं काढला, उलटा केला आणि परत बसवला. मग तिथंच खाली बसून रडला. त्याच्या बेटावर माती कमी आणि दगड उदंड होते. तिथं शेताला दगडाचा गडगा, द्राक्षवेलीला गडगा, वाटेच्या दोन्ही अंगांना गडगा. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे दगडातलेच. देवकीला त्याची बोली कळत नव्हती, पण गडग्यापाशी बसून रडणाऱ्या माणसाला काय आठवतंय, हे कळायला बोली लागत नाही.

तिचं मन तिथं बसलं, असं म्हणतात. वर्षभरानं गुरवानं पुन्हा कौल लावला आणि देवानं पुन्हा उजवी दिली. त्यांचं लग्न झालं.

येरे आपली भाषा बोलू लागला, पण ती शेवटपर्यंत वाकडीच. "गाय इलो, बैल इली" असं म्हणायचा आणि अख्खी वाडी हसायची. तोही हसायचा. पण संध्याकाळी दिवस बुडायच्या सुमाराला तो पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहायचा आणि खालच्या आवाजात काहीतरी गायचा. एकटाच गायचा, पण गाताना मधेच थांबायचा, जणू दुसऱ्या कुणी पुढची ओळ उचलायची आहे. ती ओळ कुणी उचलायचं नाही. मग तो पुन्हा सुरू करायचा. देवकी घराच्या दारातून बघायची. तिला कधी कधी वाटायचं, की आपण ह्याला पाण्यातून काढलं खरं, पण अर्धाच काढला.

आता मुणगवेळचं दुखणं काय होतं, तेही सांगायला हवं. गावची भातशेती खाजणात, म्हणजे समुद्रालगतच्या सखल जमिनीत होती. मधे मातीचा बांध होता. मोठं उधाण आलं की बांध फुटायचा, खारं पाणी शेतात शिरायचं, गोड्या पाण्याची बाव, म्हणजे विहीर, नासायची. दोन वर्षं पिकायचं, तिसऱ्या वर्षी उपास. घरं उठू लागली होती. सड्यावरच्या, वरच्या पठारावरच्या गावांत सोयरे होते ते तिकडे गेले.

एका उधाणानंतर भिवा फुटलेल्या बांधावर उभा होता. येरे त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "बाबा, गडगा घालूया. मोठी गडगा."

"दर्याक गडगा?" भिवा म्हणाला. "खुळो काय तू?"

"दर्याक अडवूचा नाय," येरे म्हणाला. "तेका फटीत घेवचा. आत येतलो, दमतलो, जातलो."

भिवानं विचार केला आणि पहिला दगड त्यानंच उचलला. मग गाव उठला. टेकडीच्या कड्याखाली काळा दगड अमाप पडला होता. बाया, बाप्ये, म्हातारे, सगळे दगड वाहू लागले. येरे एकेक दगड हातात फिरवून बघायचा आणि त्याची जागा त्याला सांगायचा, म्हणजे खरंच सांगायचा, त्याच्या भाषेत, दगडाशी बोलल्यासारखा. कित्येक हिवाळे काम चाललं. मोठाले धोंडे तो नुसता हात लावून हलवायचा आणि दगड त्याच्या हाकेला घरंगळत यायचे, असं म्हणतात. बांध झाला. उधाण आलं, बांधाच्या फटींत शिरलं, फुसफुसलं आणि मागे गेलं. त्या वर्षी खाजणात भात कमरेएवढा झाला. गेलेली घरं परत आली.

बावीच्या काठाला येरेनं एक दगड बसवला. त्यावर तीन पेडांची वेणी कोरली होती, गुंतत गुंतत जाणारी, जिचा शेवट सापडत नाही अशी. बाया देवकीला चिडवू लागल्या, की घोवानं तुझी वेणी दगडात घातली. देवकी लाजली. पण येरे म्हणाला, "ही आमच्या घराच्या दारावरची आसा. माज्या आवशीच्या दाराची." आणि आईच्या आठवणीनं त्या दिवशी तो जेवला नाही.

त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली. दोघंही सावळी, पण डोळे बापाचे. एक तप असं गेलं.

मग एका माघात फिरंग्यांचं एक जहाज खाडीच्या तोंडाशी थांबलं. गाव घाबरला. पण त्यांना फक्त गोडं पाणी हवं होतं. खलाशी पिंपं घेऊन बावीवर आले. येरे तेव्हा बांधावर निखळलेले दगड बसवत होता. एका खलाशाच्या पायावर पिंप पडलं आणि त्यानं कळवळून एक शिवी हासडली.

येरेच्या हातातला दगड गळून पडला. ती शिवी त्याच्या बेटावरची होती.

त्या खलाशाचं नाव पाश्को. तो येरेच्याच वाडीतला निघाला. दोघं बांधावर बसले आणि एकमेकांचे हात धरून बोलत राहिले. देवकी लांबून बघत होती. तिनं येरेला इतकं भरभर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती बोली तो न अडखळता बोलत होता. 

घरी आल्यावर तो खांबाला टेकून बसला.

"काय म्हणता तो?" देवकीनं विचारलं.

"आवस जिती आसा," येरे म्हणाला. "सगळे म्हणाले, तिचो झील बुडालो. माज्या नावान देवळात प्रार्थना केली. ती गेली नाय थंय. रोज सांजेक धक्क्यार उभी ऱ्हवता आणि माजा नाव घेवन हाक मारता. लोक खुळी म्हणतत तिका."

देवकी चुलीकडे वळली. तिला आई आठवत नव्हती. आई म्हणजे काय, हे तिला इतरांच्या घरात बघून माहीत होतं. तिनं चुलीवरचा भात उतरवला, पोरांना वाढलं, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी जहाज निघणार होतं. सकाळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं त्याच्यासाठी सुक्या बांगड्यांची आणि नारळाची शिदोरी बांधली होती.

"आवशीक बगून ये," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी हंयच आसंय. बांध खंय जाता काय? पण जातंय म्हणा नको. आमच्यात जातंय म्हणनत नाय."

"येतंय," येरे म्हणाला. पोरांना छातीशी धरून पुन्हा म्हणाला, "येतंय." होडीत पाय ठेवताना तिसऱ्यांदा म्हणाला. भिवा तांडेल तेव्हा फार थकला होता. त्यानं जावयाला हात केला आणि तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळपासून देवकी बांधावर जाऊन उभी राहू लागली. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, अशी रीत. तिनं आजवर घेतलं नव्हतं, "अवो" म्हणूनच हाक मारायची. पण आता ती मावळतीकडे तोंड करून ओरडायची, "ये रे! ये रे!" म्हाताऱ्या बाया कुजबुजल्या. एक जण तोंडावर म्हणाली, "गे, घोवाचा नाव घेतंस? आणि घोवाक रे म्हणतंस?"

"मी नाव घेतंय काय बोलयतंय," देवकी म्हणाली, "ता दर्याक म्हायत."

पावसाळे आले आणि गेले. भिवा गेला. मुलगा होडीवर जाऊ लागला. देवकीच्या केसांत रुपेरी आलं. हाक थांबली नाही. तिची हाक ओहोटीबरोबर निघायची आणि सात दर्यांपलीकडच्या धक्क्याला जाऊन लागायची, असं म्हणतात.

मग ते वर्ष आलं. वैशाख संपत आला होता, पाऊस तोंडावर होता. भर दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं आणि कुणी पाहिलं नव्हतं असं उधाण आलं. वारा माड जमिनीपर्यंत वाकवत होता. येरेच्या बांधानं खूप सोसलं, पण मधोमध एक धोंडा हलला, त्याच्यामागे दुसरा गेला, आणि बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं. पाणी खाजणात घुसलं. सगळा गाव बांधावर धावला. माणसं दगड टाकत होती आणि समुद्र ते सुपारीसारखे उचलून फेकत होता. आता शेत गेलं, बाव गेली, गाव गेला, असं प्रत्येकाला कळून चुकलं.

तेव्हा कुणीतरी ओरडलं, "गलबत!"

खडपांच्या बाहेर एक गलबत दिसलं. ओझ्यानं पाण्यात खोल बसलेलं, आणि सुकाणूवर एकच माणूस. गलबत हाकायला पाच-सात जण लागतात. हा एकटा होता. तो खाडीच्या तोंडाकडे वळला असता तर कदाचित वाचला असता. पण तो वळला नाही. त्यानं भगदाड पाहिलं होतं. त्यानं गलबताचं तोंड सरळ भगदाडावर धरलं.

देवकीनं त्याची उभं राहायची ढब ओळखली. इतकी वर्षं तिनं एकच हाक मारली होती. आज पहिल्यांदा ती दोन्ही हात वर करून, छाती फुटेस्तोवर दुसरं ओरडली, "येव नको रे! येव नको रे!"

वाऱ्यानं मधलं "नको" तोडून नेलं. गलबतापर्यंत पोहोचलं ते एवढंच: ये रे.

त्यानं हात वर केला. गलबत एका प्रचंड लाटेवर चढलं आणि भगदाडात येऊन आदळलं. लाकूड फुटल्याचा आवाज पार सड्यापर्यंत गेला. त्याच्या पोटातून दगड कोसळले, शेकड्यांनी कोसळले, आणि जिथं पडले तिथं बसले, जसे कुणी हातानं रचून बसवावेत. पाणी भगदाडापाशी आलं, फटींत शिरलं, फुसफुसलं, आणि मागे फिरलं.

दिवस मावळायच्या आत दर्या निवला. लोकांनी पाहिलं, काळ्या बांधाच्या मधोमध पांढऱ्या दगडांचा पट्टा होता. कोकणात तांबडा दगड आहे, काळा दगड आहे. असा दुधासारखा पांढरा दगड कुणी पाहिला नव्हता. एका दगडावर तीन पेडांची वेणी कोरलेली होती. येरे कुठंच सापडला नाही. खडपांवर नाही, वाळूत नाही, खाडीत नाही.

बाया देवकीचं कुंकू पुसायला आल्या. तिनं त्यांचे हात धरले.

"दर्यान नेलेलो असतो तर पुसलंय असतंय," ती म्हणाली. "तो गावात आसा. बांधात आसा." आणि ती मरेपर्यंत कुंकू लावून राहिली.

पाऊस संपल्यावर पाश्को पायी चालत मुणगवेळला आला. येरेबरोबर तोही परतला होता, पण दक्षिणेच्या बंदरात तापानं पडून होता. त्यानं देवकीला सगळं सांगितलं. मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, पण तिला सगळं कळलं.

येरे घरी पोहोचला तेव्हा आईचे डोळे गेले होते. तिनं त्याच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "केवढा उशीर केलास." तो तिच्याजवळ राहिला. तिचं शेत नीट केलं, छप्पर शाकारलं. पण संध्याकाळी तो धक्क्यावर जायचा आणि मावळतीला पाठ करून उगवतीकडे बघत बसायचा. एके दिवशी दोघं अंगणात बसली होती. म्हातारीनं कान टवकारले.

"कोण रे तुला हाक मारतंय?" तिनं विचारलं. तिथं दुसऱ्या कुणाला काही ऐकू आलं नव्हतं.

"तुझी सून," येरे म्हणाला.

"नुसतं तुझं नाव घेते?"

"आये, त्यांच्या बोलीत माझ्या नावाचा अर्थ 'इकडे ये' असा होतो."

म्हातारीनं त्याचा हात चाचपून धरला. मग म्हणाली, "मी पण इतकी वर्षं तेच म्हणत होते. मला ठाऊक नव्हतं." आणि मग म्हणाली, "मी हाक मारली, तू आलास. आता तिची पाळी. जा बाळा. पण सासरी रिकाम्या हातानं जाऊ नकोस. तिथल्या बांधाला दगड लागतील."

त्या आंधळ्या बाईनं चाचपडत चाचपडत आपल्याच अंगणाच्या गडग्याचा पहिला दगड उपसला. मग दाराच्या चौकटीवरची वेणीची शिळा काढायला लावली. तिचा सगळा गडगा जहाजाच्या तळाशी गेला. दक्षिणेच्या बंदरात उतरल्यावर येरेनं तो एका गलबतात भरला. पाऊस येतोय म्हणून त्याच्याबरोबर कुणी खलाशी निघेना. पाश्कोनं हातापाया पडून सांगितलं, चार महिने थांब. येरे म्हणाला, "हाक ऐकू येतेय, आता कसा थांबू?" आणि एकटा निघाला.

देवकी ऐकत होती. ती रडली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "तिच्या अंगणात आता वारो शिरत असतलो."

जाताना पाश्कोनं तिला म्हातारीचं नाव सांगितलं. देवकीनं ते ऐकलं आणि मनात ठेवलं. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तिनं ते कधी उच्चारलं नाही. पोरांनाही सांगितलं नाही. ते नाव तिच्याबरोबर गेलं.

येरेच्या पोरांची आडनावं शकोयकर झाली. आजही मुणगवेळमध्ये शकोयकरांची घरं आहेत, आणि एखाद्या घरात अजून हिरवट डोळ्यांचं पोर जन्माला येतं. पाऊस संपला की गावातलं प्रत्येक घर बांधावर एक दगड बसवतं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. कुणी होडीवर निघालं, कुणी बोटीवर परमुलखात निघालं, की घरची बाई पांढऱ्या दगडांवर उभी राहून "ये रे" म्हणते. जाणारी बाई असली, मुलगी असली, तरी हाक तीच.

आणि भाद्रपदात पितरांचे दिवस आले की गावात प्रत्येक घरी केळीचं एक पान जास्त वाढतात. त्यावर वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची खीर आणि ओंजळभर खाजणातल्या तांदळाचा भात. ते पान कावळ्याला ठेवत नाहीत. ओहोटी लागली की ते बांधावरून पाण्यावर सोडतात, मावळतीच्या दिशेनं. पहिलं पान देवकीनं सोडलं होतं. तेव्हा कुणीतरी तिला म्हणालं होतं, अगं, पलीकडची ती म्हातारी जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही, आणि पितरांचं पान कसलं सोडतेस?

"जिती असली तर जेवतली," देवकी म्हणाली होती. "नसली तरी जेवतली."

गावात नवी आलेली सून पहिल्या वर्षी विचारतेच, "ह्या पान कोणाचा?"

"पलीकडच्या आयेचा," सासू सांगते.

"नाव काय तिचा?"

सासू पान पाण्यावर ठेवते, ओहोटी ते हळूहळू ओढून नेते, आणि सासू पदर सावरत म्हणते, "आमी सुना गे तिच्यो. सासूचा नाव घेवचा नसता."